खंडेनवमीला अडकलेला निरोप

मी चौथी नापास. पण गाडीवर हात चांगला होता. नव्वद सालानंतरची पंधराएक वर्षं मी एका खाजगी डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. डेअरी कोल्हापूरच्या कडेला, आणि तिचं चिलिंग सेंटर आमच्याकडं, कुरुंदवाडच्या बाजूला. आसपासच्या गावांचं दूध सेंटरवर यायचं, गार व्हायचं. मी ते भरून जयसिंगपूरवरनं कोल्हापूरला न्यायचो. आमचं घर सेंटरपासून दोन गल्ल्या सोडून. ही, म्हणजे माझी बायको, तिथंच असायची. ती जाऊन आता वर्ष होत आलं. पोरगी म्हणाली, आप्पा, बोलता तसं लिहून काढा, घरात गप्प बसू नका. म्हणून लिहितोय.

पोरगी एकुलती एक. जयसिंगपूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. शिकून झाल्यावर तिचं लग्न ठरलं आणि याद्या झाल्यावर त्या लोकांनी मोडलं. कारण काय सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही, लायकीचं नव्हतं. सहा-सात महिने पोरगी घरातनं बाहेर पडली नाही. आरशात बघायची नाही, कुणाशी बोलायची नाही. मग आमच्याच डेअरीत तिला काम लागलं. कोल्हापुरात माझ्या बहिणीकडं राहायला गेली आणि हळूहळू माणसात आली. ती नोकरी म्हणजे आमच्या लेखी नुसता पगार नव्हता. पोरगी परत हसायला लागली होती, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

काम काय होतं ते मला कळलं तसं सांगतो. आधी सगळं चिठ्ठ्यांवर चालायचं. मग कॉम्प्युटर आले, ते तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे. सेंटरवरचा एकानं बसवलेला, डेअरीच्या गेटवरचा दुसऱ्यानं, ऑफिसात बिलं काढायचा तिसऱ्यानं. एकाची भाषा दुसऱ्याला कळायची नाही. त्यामुळं माझ्या एका टँकरचं लिटर आणि फॅट तीन माणसं तीनदा टाईप करायची आणि तिघांचं वेगळं निघायचं. शिव्या ड्रायव्हरला. "वाटेत दूध विकलंस काय रं?" असं मला तोंडावर विचारलेलं आहे.

दोन हजार साल उलटल्यावर मालकांनी पुण्याहून माणसं आणली. त्यांनी तिन्ही कॉम्प्युटर होते तसे ठेवले आणि त्यांच्यामध्ये निरोप पोचवणारं एक सॉफ्टवेअर बसवलं. ते सांभाळायला आमची पोरगी. एका रविवारी घरी आलेली तेव्हा जेवताना तिनं आईला समजावून सांगितलं.

"अव्वा, सेंटरवर दुधाचा आकडा टाकून बटण दाबलं की एक निरोप तयार हुतोय. तो रांगेत उभा राहतोय. मधला निरोप्या त्यो उचलून गेटला देतोय, ऑफिसला देतोय. ज्येच्या त्येच्या भाषेत."

"आणि फोनची लाईन गेली तर?" हिनं विचारलं.

"तर रांगेतच थांबतोय. हरवत न्हाय. लाईन आली की जातोय. आणि एकदाच पोचतोय, दोनदा न्हाय."

ही भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजे गावाला जाताना आपण शेजारणीकडं किल्ली ठेवतो तसं. आपलं माणूस आल्याबगर ती कुणाला द्यायची न्हाय."

"अगदी तसंच की!"

मी म्हटलं, "आणि शेजारीणच गावाला गेली तर?"

दोघी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी गप जेवलो.

डेअरीच्या मॅनेजरला ते सॉफ्टवेअर पहिल्यापासून नको होतं. त्याच्या ओळखीच्या माणसाचं काम पुण्याच्या लोकांनी नेलेलं. मालकांपुढं तो काही बोलला नाही, पण पोरीला सगळ्यांसमोर सांगितलं, "मॅडम, दिवाळीपर्यंत बघू. ह्याच्यापायी एक टँकर जरी नासला, तर हे खूळ बी बाहेर आणि तुम्ही बी."

चिठ्ठी बंद झाली. निरोप आला तरच गेट उघडायचं, असा हुकूम निघाला.

आणि खंडेनवमी आली.

आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात हे सांगायला नको. पुजलेली वस्तू त्या दिवशी विसाव्याला असते, तिला हात लावायचा नाही; दुधाची गाडी तेवढी पुजून सोडतात. सेंटरवर सकाळीच झाडलोट, सडा, रांगोळी. मी टँकर भरून घेतला. ऑपरेटरनं आकडे टाकले, बटण दाबलं, मला म्हणाला, "गेला तुमचा निरोप, आप्पा. व्हा पुढं." टँकरला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, मी निघालो. गाडी काढताना आरशात बघितलं तर तो काट्याला हळद-कुंकू लावत होता.

डेअरीच्या गेटवर आलो तेव्हा ऊन कडक झालेलं. नवरात्रातलं ऊन तसं वाईटच. गेटवर नवीन वॉचमन होता. त्यानं कॉम्प्युटरकडं बघितलं आणि मान हलवली.

"पावणं, तुमचं हितं काय आलं न्हाय."

"काय आलं न्हाय?"

"निरोप. बाजूला घ्या गाडी."

मागनं दुसऱ्या सेंटरचा टँकर आला, आत गेला. तिसरा आला, तोही गेला. माझा टँकर जुना, त्याचं गार धरून ठेवायचं अस्तर कधीच कामातनं गेलेलं. मी पत्र्याला हात लावला आणि काढून घेतला.

पोरगी कॉम्प्युटरच्या खोलीतनं धावत आली, पाठोपाठ मॅनेजर. त्याच्या कपाळाला कुंकू, हातात पेढ्याचा पुडा. पूजा अर्धी टाकून आलेला.

"काय मॅडम? कुठं हाय तुमचा निरोप्या?"

"सेंटरची लाईन बंद हाय, सर. निरोप तिकडंच थांबलेला असणार."

"असणार! दूध थांबत न्हाय, मॅडम. हातानं टाका आणि गाडी आत घ्या."

"हातानं टाकलं आणि मागनं तो निरोप आला, तर एकाच टँकरचं दूध दोनदा जमा हुईल, सर. ऑफिसात बी दोनदा जाईल. मग उद्यापास्नं कुठलाच आकडा कुणी खरा मानणार न्हाय."

"आणि दूध नासलं तर?"

 मॅनेजर वॉचमनकडं वळून म्हणाला, "गाडी हितंच राहू द्या. मी मालकांना फोन करतो. मॅडमनी हातानं टाकायला नकार दिला, एवढं तुम्ही ऐकलंय न्हवं?" वॉचमननं मान डोलावली.

 मी पोरीला टँकरच्या सावलीत ओढलं. "टाक की हातानं! तुझा हट्ट कशाला? नोकरी जाईल!"

"हातानं टाकलं तरी जाईल, आप्पा. उद्या दोनदा दिसलं की ह्योच म्हणणार, बघा, म्हटलं न्हवतं? अजून दूध चांगलं हाय. तुम्ही मला एकच सांगा. निघताना सेंटरचा कॉम्प्युटर चालू हुता?"

मी आठवलं. काटा, फॅट काढायचं मशीन, जनरेटर. टेबलावर नवा टॉवेल घातलेला. टॉवेलावर नारळ.

"पूजा मांडली हुती," मी म्हटलं. "कॉम्प्युटरवर टॉवेल हुता."

पोरीनं कपाळावर हात मारला. "बटण दाबलं आणि लगेच बंद केला असणार. निरोप बाहेर पडायच्या आधी. आता उद्या सोनं वाटल्याशिवाय त्येला कोण हात लावतंय?"

सेंटरवर फोन लावला, कुणी उचलेना. ऑपरेटर पूजा करून जेवायला गावी गेलेला. तिथं लाईन एकच. तार फोनला लावली तर बोलता येतं, कॉम्प्युटरला लावली तर निरोप जातो. आता तर ती कशालाच नसावी. पोरीनं आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन लावला आणि सांगितलं, अव्वाला बोलवा, पळत. ही आली तशी तिला म्हणाली, सेंटरवर जा, तार फोनला लाव आणि मला फोन कर.

पुढचं मला नंतर सेंटरच्या राखणदारानं सांगितलं, थोडं हिनं. हिचा नऊ दिवसांचा कडक उपवास, घरात घट बसलेले. त्या दिवसांत ही कुणाच्या घरचं पाणी घ्यायची नाही, चप्पल घालायची नाही. तशीच अनवाणी सेंटरवर गेली. राखणदार दार उघडायला तयार, पण पुढं यायला तयार नाही.

"वैनी, मांडलेली पूजा हाय. मी हात लावणार न्हाय. बायकापोरं हाईत मला."

"मला बी पोरगीच हाय," ही म्हणाली. "तू नुसतं दार उघड."

आत गेली. दोन्ही हात जोडले, गालावर मारून घेतले. नारळ उचलून पाटावर ठेवला, फुलं ओच्यात घेतली, टॉवेल काढला. हिनं जन्मात कधी देवापुढची मांडणी हलवली नव्हती. घटाजवळ कुणाचा पदर लागला तरी ओरडायची, ती ही.

आधी तार फोनला लावली. फोन पोरीच्या खोलीत वाजला तेव्हा मी दारात उभा होतो. पोरगी सांगत होती, "मागं मोठं बटण हाय, अव्वा. दाबलंस? पुढचं गोल दाब. दिवा लागला? काय दिसतंय?"

तिकडनं काय उत्तर आलं कळलं नाही. पोरगी म्हणाली, "अक्षरं येऊ देत, तू भिऊ नको. आता माझं नीट ऐक. फोनची तार काढायची आणि कॉम्प्युटरच्या मागं तसंच भोक हाय, त्येच्यात घालायची. टक करून वाजलं पायजे. मग तो आपोआप फोन लावतोय. पण तार काढलीस की आपलं बोलणं तुटंल. मग तू तार परत फोनला लावू नको. काय बी झालं तरी लावू नको." तिकडचं ऐकून, "व्हय, मी हाय हितं," म्हणाली. मग रिसीव्हर तसाच कानाला धरून बसली. तिकडं काही नव्हतं. तरी ठेवेना.

मी गाडीकडं आलो. बाहेर बघे जमलेले. एक ड्रायव्हर म्हणाला, "आप्पा, दही लावायला काढलाय काय टँकर?" एरवी मी त्याची गचांडी धरली असती. मॅनेजर आला आणि लॅबच्या माणसाला म्हणाला, "जरा बघ." त्यानं वरनं झाकण उघडून नळीत दूध घेतलं आणि दिव्यावर धरलं. उकळताना दूध एकसारखं राहिलं तर ठीक, गुठळी आली की टँकर परत. आम्ही सगळे त्या नळीकडं बघत होतो. दूध वर आलं, खाली बसलं. लॅबवाला म्हणाला, "अजून हाय. पण कडंला आलंय. पुढच्या खेपंला मी सांगू शकत न्हाय."

मॅनेजर पोरीच्या खोलीच्या दारात गेला. "मालकांचा फोन लागलाय, मॅडम. काय सांगू?"

"थांबायला सांगा," ती म्हणाली.

"मालकांना?"

"व्हय."

मी मनात म्हटलं, संपलं.

तेवढ्यात गेटवरनं वॉचमन ओरडला. "आलं! आप्पा, कुरुंदवाडचं आलं! लिटर, फॅट, गाडी नंबर, समदं आलं!"

मी गाडी सुरू केली ती मला आठवतच नाही. पाईप दुसऱ्यानंच जोडला. आत परत नळी धरली, परत गुठळी आली नाही. दूध उतरलं. पोरगी गेटच्या कॉम्प्युटरपुढं उभी होती. ऑफिसातला मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "आमच्याकडं बी आलं. एकदाच." तेव्हा तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मॅनेजरनं पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्यातला पेढा तिनं खाल्ला नाही, मी दोन खाल्ले.

संध्याकाळी घरी आलो तर ही घटापुढं बसलेली. मी सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "पोरगी ऱ्हायली न्हवं कामावर?"

"ऱ्हायली."

"मग बास," म्हणाली आणि उठून पाणी द्यायला गेली.

पण गावात ते तिथं बास झालं नाही. ऑपरेटर आला, त्यानं दंगा केला. मांडलेली पूजा बाईनं मोडली, तीही उपवासाच्या बाईनं, हे दोन दिवसांत घराघरांत पोचलं. तो निरोप एकदा नाही, शंभरदा पोचला. हळदी-कुंकवाला काही घरांनी हिला बोलवायचं बंद केलं. हिनं कुणाला खुलासा दिला नाही. पुढच्या वर्षी डेअरीचा हुकूम आला की पूजा करा, पण कॉम्प्युटर चालू ठेवून करा. ऑपरेटर हुकूम ऐकून चालू कॉम्प्युटरला हार घालायला लागला. हिला मात्र कुणी येऊन म्हणालं नाही की बाई, तुझं चुकलं नव्हतं.

पुढं पोरगी पुण्याला गेली, मोठ्या कंपन्यांत तेच निरोपाचं काम करते, संसार आहे, बरं आहे.

हिला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा गल्लीतली एक बाई बघायला आली. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "खंडेनवमीचं कायतरी केलतं न्हवं तुम्ही? देवीचं राहून जातंय अंगावर. शांत करून घ्या." मी तिला उंबऱ्याबाहेर काढलं. गल्ली गोळा होईपर्यंत ओरडलो. आत आलो तर ही अंथरुणातनं म्हणाली, "एवढं कशाला वरडलासा?"

"तुला खरं वाटतंय काय तिचं?"

तिनं अंगावरची वाकळ सारखी केली. मग म्हणाली, "त्या दिवशी सुदीक वाटलंवतं, अंगावर येईल म्हणून. हात लावायच्या आधीच वाटलंवतं."

म्हणजे तिला भ्या नव्हतं असं नाही. येईल ते आपल्यावर येऊ दे, असं ठरवून तिनं नारळ उचलला होता. आणि इतकी वर्षं ते एकटीनं मनात धरून बसली होती, मला सांगितलं नाही.

हिला दुखणं झालं ते पोटातल्या गाठीनं, डॉक्टरांनी फोटो काढून मला दाखवलंय. देवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मी तिला तेव्हा सांगितलं, परत परत सांगितलं. तिनं मान हलवली. तिला पटलं का नाही, मला माहीत नाही.