कॉटखालच्या चपला

भूतखेत, बाहेरची बाधा असलं काही मी कधी मानलं नाही. कोणी तसलं बोलायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तरी आज लिहितेय, कारण मला खरंच भीती वाटतेय.

नाशिकला मखमलाबाद रोडवर आमचं घर. खाली आम्ही दोघं, वरच्या खोल्या नोकरीवाल्या मुलांना कॉट बेसिसवर. ही मुलं जाताना निम्मा संसार टाकून जातात — बादल्या, हँगर, उशा... फोन करून विचारायचं, नको म्हणाले तर आपण वापरायचं. कित्येक वर्षांत मी बादली म्हणून विकत घेतलेली नाही!

पेठचा एक मुलगा असाच एकाएकी खोली सोडून गेला. कॉटखाली चामडी चपला राहिल्या होत्या, चांगल्या जाडजूड. एवढ्यासाठी कुठे फोन करायचा? आमच्या ह्यांना अगदी मापात बसल्या. स्वारी खूश.

मग हे सकाळी दूध आणायला म्हणून जायचे ते दुपारी परत, पाय चिखलाने भरलेले, पिशवी रिकामी. कुठे होतात विचारलं की "डेअरीत." मी चिडायचे, कोण एवढं गप्पा मारायला भेटतं म्हणून. एकदा पाटाकडेला शेवंती लावणारी बाई त्यांना हाताला धरून घेऊन आली.

"ताई, बाबा पाण्यात उतरत व्हते. लय हाका मारल्या, पण वळून बघंनात. कंबरेपर्यंत पाणी आलं तरी चालतच व्हते."

ह्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

घरात नवं काय आलं, तर त्या चपला. मी त्या मुलाला फोन लावला, चपला राहिल्यात एवढंच म्हटलं.

"काकू, त्या माझ्या नाहीत. मी राहायला आलो तेव्हाच कॉटखाली होत्या." मग त्याने हळूच विचारलं, "काका पाटावर जातात का?"

मी तर पाटाचं नावही काढलं नव्हतं. आणि तो यायच्या आधी ती खोली मी स्वतः धुऊन काढली होती हो... कॉटखाली काही नव्हतं.

चपला घंटागाडीत टाकल्या, गाडी वळेपर्यंत फाटकात उभी राहिले. वाटलं, सुटलो एकदाचे.

काल दुपारी मी मेथी निवडत होते. हे उठले आणि दार उघडून चालायला लागले, अनवाणी. धावत जाऊन दंड धरला, तर मला फरफटत कोपऱ्यापर्यंत नेलं. डांबर नुसतं तापलं होतं, ह्यांना पत्ताच नाही. शेजारच्यांनी मिळून घरात आणलं.

तेव्हापासून दाराला आतून कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला. हे का होतंय ते मला सांगता येणार नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा. हे आत्ता माझ्यासमोर चहा पीत बसलेत, आणि अगदी गोड आवाजात किल्ली मागताहेत.