दुरुस्त करून पाठवलेले क्लेम

दवाखान्यात तिला सगळे वकीलबाई म्हणत. कायद्याचा तिला गंधही नव्हता. विमा कंपनीने नाकारलेले क्लेम भांडून मंजूर करून आणणं, हे तिचं काम. औषधांच्या खोक्यांमागच्या एवढ्याशा खोलीत बसून एकोणीस वर्षं तिने कंपनीच्या नाकी नऊ आणले होते.

गेल्या दोनेक महिन्यांत मात्र नकारांची रीघ लागली. कारणंही भलतीच. तपासणी डाव्या गुडघ्याची, एक्स-रे उजव्याचा. एका आजोबांच्या नावावर गर्भाशयाची सोनोग्राफी! ती कागद डॉक्टरांपुढे धरायची. ते चष्मा वर सरकवून हसायचे.

"घाईत झालं असेल हो. दुरुस्त करून पाठवा."

ती दुरुस्त करायची. क्लेम पास व्हायचे.

त्या सोमवारी एका निवृत्त शिक्षिकेचा क्लेम परत आला. आजार थायरॉइडचा, गोळ्या मधुमेहाच्या. सवयीने तिने दुरुस्तीचा फॉर्म उघडला आणि हात जागीच थांबला. बाईंना मधुमेह नव्हताच. कागद सुधारता आला असता. पोटात गेलेल्या गोळ्यांचं काय?

तिने घाईघाईने फोन लावला. सुनेने उचलला.

"आईंना तीन दिवस नुसता घाम सुटतोय. आज सकाळी तर मलाच ओळखेनात. म्हटलं, वय झालं."

"त्या नव्या गोळ्या बंद करा! गिळता येत असेल तर साखरेचं पाणी पाजा आणि हॉस्पिटलात न्या. आत्ताच्या आत्ता!"

फोन ठेवून ती क्लेमला जोडलेली औषधांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. डॉक्टरांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली.

"अक्षर माझंच आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण या बाई कोण?"

बाई त्यांच्याकडे पंधरा वर्षं येत होत्या. गुरुवारीच याच खुर्चीत बसून गेल्या होत्या. डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. बाहेर कडेवर मूल घेतलेली एक आई उठली.

वकीलबाई दारात आडवी उभी राहिली. "आज तपासणी होणार नाही. सगळ्यांनी घरी जा."

मग तिने डॉक्टरांच्या बायकोला फोन केला. घडलं ते सांगितलं.

"घरी गॅस चालू ठेवून विसरतात," वहिनी हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं, दवाखान्यात तरी ठीक असतील."

शिक्षिका वाचल्या. डॉक्टर पुन्हा आपल्या खुर्चीत बसले नाहीत. पण त्या दुपारी वकीलबाईने दोन महिन्यांचे दुरुस्त क्लेम टेबलावर काढले. एकसष्ट. चुका तिने इतक्या सफाईने पुसल्या होत्या, की आता तिलाच सापडेनात. कंपनीचा एकही नकार चुकीचा नव्हता, हे तिला जुनी नकारपत्रं उलटता उलटता कळत गेलं.

तिने एकेका घरी फोन करायला घेतला. साठ जणांनी उचलला. एका नंबरावर नुसती रिंग वाजत राहिली.