गड्यांची अंडी
अंडं उष्ण, पोटुशीला बाधतं, हे सासूचं म्हणणं मी मुकाट खरं मानलं, इतकी मी बावळट! आज नातीनं उकडलेलं अंडं सोललं आणि त्या वासानं जुनं सगळं आठवून डोकंच फिरलं. उरणला तेव्हा घरच्या कोंबड्यांची अंडी उकडून मी मिठागरावर नवऱ्याला न् दिराला पोचवायची. ताकद म्हणे गड्यांनाच लागते! सातव्या महिन्यात डब्यासकट बांधावर चक्कर येऊन पडले. घरी तपासायला आलेल्या नर्सबाई कडाडल्या, अंगात रक्त नाही, रोज अंडं खा, नाहीतर बाळ हाती लागायचं नाही. तेव्हापासून मी रोज सगळ्यांदेखत खाते, तरी नर्सबाई गेल्यावर सासू जे बोलली त्यानं अजून अंगाची लाही होते : “अगो, मी पोटुशी असताना अंडी सोडली व्हय? चुलीमागं बसून खायची! तुला एवढंबी सुचलं न्हाय?”