दुधाच्या डब्यातली चिंच

समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड गावात काही म्हाताऱ्या बायका केक भाजायच्या, लोकरीच्या टोप्या विणायच्या आणि ते विकून आमच्या अकोल्याच्या लेकरांसाठी दुधाची पावडर पाठवायच्या. संस्था म्हणाल तर एवढीच. ज्या टोप्या तिकडे खपत नसत त्याही आमच्याच वाट्याला यायच्या. ज्याने अकोल्याचा उन्हाळा काढलाय त्याला लोकरीच्या टोपीचं काय करावं हा प्रश्न पडेल. आमच्या वस्तीतल्या बायकांना पडला नाही. त्यांनी टोपीत हात घालून चुलीवरचा तवा उतरवायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षी आणखी मागितल्या.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातून पार पुढे गेलं की आमची वस्ती लागायची. तिच्या तोंडाशी सरकीचं एक बंद पडलेलं गोदाम होतं. तिथे दुधाचं केंद्र उघडलं. चालवायला त्या संस्थेची एक मॅडम आली होती. उंच, हाडकुळी, सकाळी गोरी आणि दुपारी लालबुंद. तिला मराठी येत नव्हतं आणि वस्तीत इंग्रजी येणारी मी एकटीच, कारण मॅट्रिक झालेली मुलगीच मी एकटी. म्हणून मी दुभाषी झाले. माझं इंग्रजी म्हणजे हेडमास्तरांना रजेचा अर्ज लिहिण्यापुरतं. मॅडम स्वच्छतेवर पाच मिनिटं बोलायची आणि मी बायकांना सांगायचे, "हात धुवा म्हणते." मॅडम संशयाने माझ्याकडे बघायची. उलट बाजूनेही तसंच. माझी आत्या तिच्या तोंडावर म्हणायची, हिला सांग डोक्याला पदर घे, वांग्यासारखी भाजली आहेस. मी सांगायचे, ती तुमच्या तब्येतीची चौकशी करतेय. दोघी एकमेकींवर खूश होत्या.

दूध न्यायला घरची भांडी आणायची नाहीत, असा मॅडमचा दंडक होता. तिने जुन्या शहरातल्या एका टिनवाल्या चाचांकडून तेलाच्या पिप्यांचे झाकणाचे डबे करून घेतले. घरटी एक डबा. आज भरून न्यायचा, उद्या परत आणायचा. डबे चकाचक होते आणि कल्पनाही चांगली होती. फक्त एक गोष्ट मॅडमला ठाऊक नव्हती आणि मला ती सांगायचं सुचलं नाही. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत.

हे मुद्दाम कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारणीने वाटीभर कढी दिली तर वाटी जाताना तिच्यात काहीतरी असतंच, निदान गोडनिंबाची, म्हणजे कढीपत्त्याची, एक डहाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे परत आले. मॅडमने पहिलं झाकण उघडलं तर आत मूठभर बोरं. दुसऱ्यात तुरीच्या शेंगा. तिसऱ्यात सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. पोरांनी कचरा भरला असं समजून तिने सगळं बाहेर ओतलं आणि डबे उकळत्या पाण्याने धुवायला घेतले. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. आत्याचा चेहरा मला दिसत होता आणि तो काही चांगला दिसत नव्हता.

मी धावत जाऊन मॅडमला माझ्या अर्जाच्या इंग्रजीत समजावलं. ती ओशाळली. मातीतली बोरं तिने स्वतः वेचली, फडक्याने पुसली. मग मला म्हणाली, या बायकांना सांग की फार आभारी आहे, पण इथून पुढे काही आणू नका. मी सांगितलं, "नको म्हणते."

झालं. वऱ्हाडात पहिला नको हा नको नसतोच. पाहुणा जेवायला बसला की तो नको म्हणणार आणि आपण वाढणार. तो ताटावर आडवा हात धरणार आणि आपण बोटांच्या फटीतून वाढणार. मॅडम नको म्हणाली म्हणजे बाई वळणाची आहे, एवढंच बायकांना कळलं. दुसऱ्या दिवशी डब्यांत ऐवज वाढला. मॅडम पुन्हा नको म्हणाली. बायकांना वाटलं, बोरं आवडली नसावीत. मग हुरडा आला, मुगवड्या आल्या, कुरड्या आल्या. तिसऱ्यांदा तिने हात जोडून नको म्हटलं तेव्हा एका घरातून गूळ आला. बिचारी जितकी नाही म्हणे तितके डबे जड होत गेले. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होते आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

मॅडमची अडचण वेगळीच होती. टाकून द्यायची तिची हिंमत नव्हती. खावं तर संस्थेची बंदी. ज्यांना मदत करायची त्यांच्याकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही, असा नियम होता. मग तिने गोदामातल्या कपाटात बरण्या मांडल्या. एका बरणीत चिंच, एकीत कुरड्या, एकीत वाळलेली बोरं. होळीपर्यंत ते कपाट किराणा दुकानासारखं दिसायला लागलं. मुंग्यांनी तर तिथे संसार थाटला.

हे असंच गमतीत चाललं असतं. पण संस्थेकडे पैसा थोडा होता आणि तिकडून एक साहेब यायचा होता. केंद्र अकोल्यात ठेवायचं की दुसऱ्या कुठल्या देशातल्या जास्त गरजू लोकांकडे न्यायचं, ते तो बघून ठरवणार होता. मॅडमने मला बाजूला घेतलं. म्हणाली, त्या एका दिवशी तरी डबे रिकामे येऊ देत. नाहीतर त्याला वाटेल यांच्याकडे भरपूर आहे.

माझी गंमत तिथेच संपली. माझ्या भावाची पोरगी दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. पाय काडीसारखे, पोट तेवढं पुढे. घरातल्या सगळ्यांनी तिच्याबद्दल बोलणंच सोडून दिलं होतं. त्या दुधावर ती भिंत धरून उभी राहायला लागली होती. अजून भिंत सुटायची होती. दूध थांबलं तर भिंत कधीच सुटणार नाही, अशी भीती माझ्या मनात बसली होती.

मी घरोघर जाऊन सांगितलं. बायका हसल्या. सातासमुद्रापलीकडून साहेब येणार आणि आपण रिकामे डबे घेऊन जायचं? मॅट्रिक झाली तरी पोरीला रीतभात नाही, असं त्यातल्या एकीने मला ऐकू जाईल असं म्हटलं. वस्तीत आत्याचा शब्द चालायचा, म्हणून मी आत्याला गाठलं. ती जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायच्या कामावर होती. अंगावरचे कापसाचे तंतू काढत तिने सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. हा नाही मात्र खरा होता.

मी चिडले. मी चिडले की माझा आवाज चढतो, आत्या चिडली की तिचा उतरतो. लहानपणी गावाकडे ती टोपली घेऊन दारोदार शिळ्या भाकरी मागायला जायची. ते तिने त्या दिवशी मला पहिल्यांदाच सांगितलं. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर तिने ती टोपली चुलीत घातली होती. नुसतं घेणं म्हणजे मागणंच, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, तुझ्या मानापायी पोरगी पांगळी राहील.

"पोरगी उभी राह्यली पायजे असं मलेबी वाटते," आत्या म्हणाली. "पन उभी राहून तिनं हात पसरावा असं नाही वाटत."

मी काही दिवस तिच्याशी बोलले नाही. बरोबर तीच होती असं आज म्हणणं सोपं आहे. तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता.

साहेब चैत्रात आला. अकोल्यात चैत्रात तपासणीला येणारा माणूस नवखाच असणार. टक्कल, टोपी, हातात रुमाल, आणि घाम तर असा की रुमाल पिळावा. तो भला माणूस होता. मोठ्या हंड्यातलं दूध त्याने पाहिलं, चव घेतली, मान डोलावली. मग त्याने कपाट उघडलं. बरण्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला आणि मॅडमला त्याने हलकेच विचारलं की आपण इथे दुकान काढलं आहे का. मॅडम सकाळीच लाल झाली.

तेवढ्यात बायका आल्या. पाहुण्याच्या मानाने डबे भरलेले. साहेबाने एकेक झाकण उघडलं. कैऱ्या. कांदे. कुरड्या. आत्याच्या डब्यात निवडून, मीठ लावून, गोळे वळलेली नवी चिंच. साहेब मला म्हणाला, यांना विचार, यांच्याकडे द्यायला इतकं आहे तर दूध कशाला लागतं?

मी विचारलं. आत्या पुढे आली.

"त्याले सांग, आमच्या घरी दूध नाही म्हनून दूध घेतो. चिंच हाये म्हनून चिंच देतो. यात न समजन्यासारखं काय हाये?"

एरवी मी याचं काहीतरी गोड करून सांगितलं असतं. त्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. साहेबाने टोपी काढून हातात घेतली. फार नम्रपणे तो म्हणाला की, संस्थेचा नियम आहे. ज्यांना आम्ही मदत करतो त्यांच्याकडून आम्ही काही घेत नाही, पेलाभर पाणीसुद्धा नाही. यात त्यांचंच भलं आहे. तेही मी जसंच्या तसं सांगितलं.

आत्याने डबा खाली ठेवला.

"मंग आमीबी घेत नाही. चला वं."

आणि बायका चालू लागल्या. एकीमागून एक डबा खाली ठेवून, चिंचेसकट, कैऱ्यांसकट. कुणी भांडलं नाही. गोदामात हंडाभर दूध, जमिनीवर रांगेने डबे आणि आम्ही तिघं. माझ्या हातात आमच्या घरचा, पोरीच्या दुधाचा डबा होता. तो ठेवावा की भरून घ्यावा ते मला कळेना. मला आत्याचा राग येत होता, साहेबाचा येत होता, आणि सगळ्यांत जास्त रडू येत होतं. शेवटी मी साहेबाला माझ्या अर्जाच्या इंग्रजीत सांगितलं की या उन्हात दूध दुपारपर्यंत नासेल, तेव्हा आपणच ते पिऊन टाकावं, ही नम्र विनंती. हेडमास्तरांना मी इतकं तिखट कधी लिहिलं नव्हतं.

केंद्र चाललं, हे इथेच सांगून टाकते, कारण वाचणाऱ्याला टांगून ठेवणं मला आवडत नाही. पुढे कितीतरी वर्षं चाललं. पोरीची भिंतही सुटली. आता ती मलाच हात धरून दवाखान्यात नेते आणि वाटेत मी फार बोलते म्हणून रागावते.

पण त्या सकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मॅडम एकाएकी उठली आणि डोक्यावर काही न घेता उन्हात बाहेर पडली. मी मागे गेले. ती आजवर वस्तीच्या आत कधी आलीच नव्हती. आत आलं की कुणीतरी पाणी पुढे करणार, आणि नियम होता ना. आत्याचं घर तिने कसं ओळखलं कोण जाणे, बहुधा दारातली गर्दी बघून. गर्दी बाजूला झाली. मॅडम सरळ ओट्यावर बसली, दमून भिंतीला पाठ टेकली, आणि मला दोन शब्द म्हणाली.

माझ्या तोंडून ते लगेच मराठीत निघेनात. जिनातल्या कामासाठी बायका बोलवायला मुकादम आमच्या वस्तीत यायचा. ओठ वाळलेले असायचे, तरी आमच्या माठाकडे तो बघायचा नाही. तहानलेलाच परत जायचा. बाहेरच्या माणसाने आमच्या दारी बसून ही गोष्ट मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"काय म्हनते ते?" आत्याने विचारलं.

"पाणी मागते," मी म्हटलं.

आत्या आत गेली. राखेने पेला घासल्याचा आवाज आला, मग पुन्हा घासल्याचा. आत्या बाहेर आली आणि तिने पेला खाली ठेवला नाही, मॅडमच्या हातात दिला. मॅडमने तो एका दमात रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

आत्या परत माठाशी गेली. पेला भरून झाला तरी ती वळेना. आमच्याकडे पाठ करून तशीच उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि मी बघायला गेलेही नाही. गल्लीच्या तोंडाशी साहेब टोपी हातात घेऊन उभा होता.

"त्यालेबी बोलाव," आत्या आतूनच म्हणाली. "उन्हात काहून उभा हाये तो?"