खडूने मंजूर झालेला रॅम्प

मला राग पटकन येतो. आमच्या धंद्यात हे बरं नव्हे, असं बाबांचं म्हणणं. त्यांनी उभा जन्म ग्रिलं आणि गेटं करण्यात घालवला, आणि गिऱ्हाइकाने कितीही डोकं खाल्लं तरी "बघू, करू" यापलीकडे ते कधी गेले नाहीत. डोंबिवली एमआयडीसीतला आमचा गाळा आता मी चालवते. बाबा सकाळी येऊन बसतात, चहा पितात, आणि मी फोनवर कोणाशी आवाज चढवला की नुसतं माझ्याकडे बघतात. ठाकुर्लीच्या त्या सोसायटीच्या वेळी तर त्यांनी बघणंसुद्धा सोडून दिलेलं.

काम तसं छोटं होतं. जुनी, बिनलिफ्टची इमारत. तळमजला जोत्यावर, त्यामुळे दारातून आवारात उतरायला चार पायऱ्या. तळमजल्यावर एक आजी राहतात. शाळेत गणित शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी पडल्या, खुबा मोडला, तेव्हापासून चाकाच्या खुर्चीत. घरात त्या खुर्ची झकास फिरवतात, ओट्यापाशी जाऊन चहासुद्धा करतात, पण त्या चार पायऱ्यांपाशी सगळं घोडं अडायचं. डॉक्टरकडे जायचं असलं की दोन माणसं बोलावून खुर्चीसकट उचलायची. आजींना ते अजिबात खपत नाही. "मी काय कपाट आहे का?" असं त्या म्हणायच्या. म्हणून डॉक्टर सोडला तर त्या बाहेर पडतच नव्हत्या.

शेवटी त्यांनीच सोसायटीकडे रॅम्पसाठी अर्ज केला. अट एकच, सप्टेंबरातल्या वार्षिक सभेच्या आधी रॅम्प तयार हवा. सभा आवारातच भरते. आजींना खाली येऊन सभेला बसायचं होतं.

नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली गेली. एक माजिवड्याचा फॅब्रिकेटर, एक कोपरीचा, आणि मी. त्या दोघांनी फोनवरच भाव सांगून टाकले. मी टेप घेऊन गेलेले, पायऱ्यांची मापं घेतली, आजींच्या हातचा चहा प्यायले, आणि काम मला मिळालं. माझं कोटेशन व्यवस्थित होतं म्हणून मिळालं, अशी माझी गोड समजूत. नंतर कळलं, आजींनी खिडकीतून कमिटीला बजावलेलं की जी येऊन मापं घेऊन गेली तिलाच द्या.

रॅम्पचा हिशोब सरळ असतो. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी लागते, नाहीतर खुर्ची ढकलणाऱ्याचा जीव जातो. इथे चढ दोन फुटांचा. एवढी सरळ जागा आवारात कुठून आणणार? म्हणून मी रॅम्प मधे वळवला. बारा फूट जायचं, मग एक सपाट चौथरा, त्यावर खुर्ची वळवायची आणि बारा फूट परत यायचं. त्याचं शॉप ड्रॉइंग काढलं. म्हणजे कुठला पाइप कुठे, जोड कुठे, पत्रा किती जाड, हे सगळं मापासकट दाखवणारा कागद. त्यावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय मी लोखंडाला हात लावत नाही.

आणि ती सहीच होईना.

सोसायटीचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. पहिलं ड्रॉइंग परत आलं, "नीट क्लिअर होत नाही." मी रंग भरून पाठवलं. मग, "हँडरेल डाव्या बाजूला का?" अहो, दोन्ही बाजूंना आहे. मग, "थ्री-डी व्ह्यू मिळेल का?" तोही दिला, खुर्चीत एक बाई बसवून. त्यावर उत्तर आलं की यात आवारातलं झाड दिसत नाही. मी मुकाट्याने झाड लावलं. मग एक दिवस फोन आला.

"मॅडम, हा रॅम्प सहा फुटांत नाही का बसवता येणार?"

"काका," मी म्हटलं, "सहा फुटांत बसवला तर त्याला घसरगुंडी म्हणतात."

"तुम्ही एकदा ट्राय तर करून बघा."

मी फोन ठेवला आणि समोरच्या भंगाराच्या डब्याला लाथ मारली. पाय माझाच दुखला. बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

त्या माणसाला ड्रॉइंग कळत नव्हतं असं अजिबात नाही. एका व्ह्यूमध्ये माझं एक माप चुकलेलं, ते त्यांनीच काढून दाखवलं. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. मी तडक आजींकडे गेले. त्या हसायलाच लागल्या.

"अगं, तो माझा विद्यार्थी. सातवीला होता माझ्याकडे."

मग सगळा उलगडा झाला. वार्षिक सभेला आजी यायच्या त्या सोसायटीचा हिशोब घरी तपासून यायच्या, आणि एकेका खर्चावर सेक्रेटरींना उभं करायच्या. सभेनंतरचे बटाटेवडे गार व्हायचे, लोक जांभया द्यायचे, आजी थांबायच्या नाहीत. त्या पडल्या आणि सभा अर्ध्या तासात आटपायला लागली. वडे गरम गरम मिळायला लागले.

"सगळे खूश आहेत," आजी म्हणाल्या. "दोन वर्षं मी इथून खिडकीतून हात वर करते. कोणी बघतच नाही गं."

त्या हे हसत हसतच म्हणाल्या, पण मला फार वाईट वाटलं. घरी येताना सेक्रेटरींना मनातल्या मनात मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑगस्ट निम्मा सरला होता. मी गाळ्यावर ड्रॉइंगची आणखी एक रिव्हिजन काढायला बसले, तर बाबा खुर्चीतून उठले. "कागद बास झाले," म्हणाले. "खडू घे."

आमच्या गाळ्यात कुठलंही गेट करायचं तर बाबा आधी ते जमिनीवर खडूने काढायचे, खऱ्या मापात, जेवढ्यास तेवढं. मग त्या रेघांवर पाइप ठेवून जोडायचे. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकून आलेली, मला ते जुनाट वाटायचं. पण माझा कॉम्प्युटर तर हरलाच होता.

रविवारी सकाळी पावसाने उघडीप दिलेली. मी आणि बाबा टेप, दोरी, काटकोन धरायचा गुण्या आणि खडूंचा डबा घेऊन ठाकुर्लीला गेलो. कोणाला काही विचारलं नाही. दारापाशी दोन स्कूटर होत्या, त्या बाजूला घेतल्या आणि बाबांनी दोरी धरली. पहिली रेघ मारून होते तोवर गॅलऱ्यांत माणसं आली. दुसरी रेघ होईपर्यंत खाली आली. खडू संपत आले तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकू रांगोळीचा डबा घेऊन उतरल्या. मी सरळ रेघ ओढायला सांगितली, तर त्यांनी कडेला वेलबुट्टी सुरू केली. मी ओरडणार होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी पुढची रेघ ओढायला घेतली.

सेक्रेटरी पेपर हातात घेऊन आले. "हे काय चाललंय?"

"रिव्हिजन," मी म्हटलं. "आता तरी क्लिअर होतंय का?"

ते काही बोलायच्या आत खिडकीतून आवाज आला. "अरे, उभा काय राहिलास? माझी खुर्ची घे, त्यात बस, आणि त्या रेघांमधून जाऊन दाखव."

साठी ओलांडलेला माणूस, पण क्षणभर त्याची मान सातवीतल्या मुलासारखी खाली गेली. आजी आत पलंगावर बसल्या, कामाला येणाऱ्या ताईंनी खुर्ची बाहेर आणून दिली, आणि सेक्रेटरी इस्त्रीच्या शर्टात त्या खुर्चीत बसले. चाकं हाताने ढकलत निघाले. बारा फूट बरे गेले. मग चौथरा आला, आणि वळताना त्यांचे बूट रेघेच्या बाहेर. खुर्ची मागे घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा बाहेर. खऱ्या रॅम्पवर पाय सरळ कठड्यावर आपटले असते.

चूक माझी होती. मी खुर्चीची रुंदी मोजलेली, पण पुढे पाय ठेवायची पट्टी किती बाहेर येते ते धरलंच नव्हतं. इतक्या रिव्हिजन झाल्या, थ्री-डीत झाडसुद्धा लावलं, आणि ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नाही, त्यांच्याही नाही. मी तिथेच कपाळावर हात मारला. सेक्रेटरी मात्र खुर्चीतून उठेनात. ते घामाघूम झाले होते. एकदा पुढे, एकदा मागे, असं करत त्या चौकोनात अडकून बसलेले.

"फार वेळ लागतो हो," ते हळूच म्हणाले. मला म्हणाले की स्वतःला, कोण जाणे. मग माझ्या हातातला खडूचा उरलेला तुकडा घेतला, खाली वाकले, आणि चौथऱ्याची रेघ स्वतः एक फूट बाहेर ढकलली.

"काका, तिथे स्कूटर लागते," मी म्हटलं.

"माझीच लागते. राहू दे."

त्यांनी त्या नव्या रेघेच्या आत 'मंजूर' लिहिलं आणि खाली सही केली, बँकेतली लांबलचक सही. मी फोटो काढत होते, तेवढ्यात खिडकीतून पुन्हा आवाज. "तारीख घाल."

त्यांनी तारीख घातली. दुसऱ्या दिवशी पावसाने सगळं धुऊन नेलं, वेलबुट्टीसकट, पण फोटो होता. इतक्या वर्षांत एवढी चांगली सही मला कोणी दिलेली नाही. आठवडाभर आम्ही सगळे त्या रॅम्पच्याच मागे होतो. वरून जाड पत्रा टाकला, उठावाच्या नक्षीचा, पावसात चाक घसरू नये म्हणून. हँडरेलचे जोड बाबांनी स्वतः घासून गुळगुळीत केले. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

सभेला मी आणि बाबा मुद्दाम गेलो. आजी इस्त्रीची साडी नेसून दारात आल्या. ताई मागे धरायला गेल्या, तर त्यांना थांबवलं. एक हात हँडरेलवर, एक चाकावर, अशा त्या हळूहळू उतरल्या. चौथऱ्यावर एका फटक्यात वळल्या. मला रडू आलं, लाज वाटली नाही.

सभा सुरू झाली आणि आजींनी हात वर केला.

"बोला, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

बाई बोलल्या. टाकीच्या सफाईवर बोलल्या, लाइटच्या बिलावर बोलल्या, आणि रॅम्पच्या कोटेशनमध्ये रंगाचे हात किती ते लिहिलेलं नाही म्हणून मलाही उभं केलं. वडे गार झाले. मागे कोणीतरी कुरकुरलं. सेक्रेटरी प्रत्येक प्रश्नाला उभे राहून उत्तर देत होते, आणि मला वाटतं त्यांना बरंच वाटत होतं.

सभा संपली, खुर्च्या आवरल्या गेल्या. ताई आजींना आत न्यायला आल्या. आजींनी आत्ता नको म्हणून मान हलवली आणि मला खुर्ची वळवायला सांगितली, इमारतीकडे तोंड करून. त्या आपल्या खिडकीकडे बघत राहिल्या. बाबांच्या वयाचं लोखंडी ग्रिल, आत पडदा, पडद्यामागे दिवा.

"एवढीशी दिसते होय," त्या म्हणाल्या. "आतून केवढी वाटायची."

बाबांनी एक गार वडा कागदात धरून त्यांच्यासमोर केला. त्यांनी तो घेतला. सेक्रेटरी फाइल काखेत मारून चालले होते, त्यांना हाक मारून आजींनी शेजारी खुर्ची घेऊन बसायला लावलं, आणि टाकीच्या सफाईचा विषय पुन्हा पहिल्यापासून काढला. आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा दिवे लागले होते आणि त्या अजून बाहेरच होत्या.