वाईच

आमच्या सांगलीकडच्या बोलीत ‘वाईच’ म्हणजे थोडेसे. शाळेत मी मुलांना हा अर्थ सांगत असे. घरात मात्र तो कधीच खरा ठरत नसे. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना मी आक्का म्हणे, ‘वाईच घे’ म्हणत आणि पळीभर आमटी माझ्या भाकरीवर ओतत. पुरुष आणि मुले जेवून उठली, सासूबाईंचे आवरले, की आम्ही दोघी उरलेले एकाच ताटात घेऊन चुलीपुढे बसत असू. कुंडलच्या त्या घरात आम्हाला एकमेकींशी निवांत बोलायला मिळे ते तेवढेच.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी माझ्या पोटातला व्रण बळावला. सांगलीला शस्त्रक्रिया करून जठराचा मोठा भाग काढला. घरी सोडताना डॉक्टरांनी खाण्याचे नियम समजावले: एका वेळी लहान वाटीभरच, तेही बारीक चावून; जेवताना पाणी नाही; गोड नाही; आणि भुकेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने खायचे. नियम पाळणे आणि पाळायला लावणे हा माझा पेशाच होता. तरी एकदा गुळाचा खडा तोंडात टाकला. छाती धडधडली, घाम फुटला, आडवे व्हावे लागले. गुऱ्हाळांच्या गावात राहून गूळ वर्ज्य झाला.

त्याहून कठीण होते ते सासऱ्यांच्या आधी जेवणे. सुनेने पुरुषांआधी घास घ्यायचा नाही, हे कोणाला शिकवावे लागत नसे. सासूबाईंनी स्वतःच मऊ भाताची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि पाठ फिरवली. मी भिंतीकडे तोंड करून खाल्ले.

आमची दोघींची वेळ येई तेव्हा माझे खाणे कधीच आटोपलेले असे. आक्का एकट्याच बसत. मी माजघरातून त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकत असे. एके दिवशी मला राहवले नाही. मी जाऊन शेजारी पाट ओढला.

“मास्तरीण, पोट दवाखान्यात ठिवून आलीस, आन् आता जेवाय बसतीस व्हय?”

“आक्का, वाईच द्या,” मी म्हणाले.

त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोलला, नखाएवढा तुकडा मोडला, आमटीला जेमतेम टेकवला आणि माझ्या हातावर ठेवला. मी शाळेत सांगत असे तो अर्थ अगदी तंतोतंत. मी तो सावकाश चावत राहिले आणि आक्का म्हशीच्या आटण्यापासून सासूबाईंच्या रागापर्यंत सारे सांगत राहिल्या.

पुढे रोज तसेच बसू लागलो. एकदा बोलण्याच्या नादात आक्कांनी पळी भरली, जुन्या सवयीने ताटातल्या माझ्या बाजूवर आणली, आणि मग त्यांचा हात थबकला. पळी त्यांनी हळूच परत पातेल्यात रिकामी केली. ती माझ्या बाजूला सांडली असती तर किती बरे झाले असते, हे मी त्यांना सांगितले नाही. मग त्यांनी नखाएवढा तुकडा तेवढा पुढे केला, तो मी घेतला.