लंकाबाईची पाच मिनिटं

सामाजिक संस्थेची जीप नाशकातल्या पेठ रोडच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, की लंकाबाई गावितला दार लावून घ्यावंसं वाटायचं. जीपमधून उतरणारी माणसं वाईट होती अशातला भाग नव्हता. घरात येऊन चहा घ्यायची, पोराबाळांची चौकशी करायची. पण जाता जाता एकच सांगून जायची. अमक्या तारखेला बैठक आहे, तुम्हाला यायचंय, आणि येताना ते तुमचं लुगडं नेसून या.

ते लुगडं म्हणजे गुडघ्यापर्यंत खोचून नेसायचं, डोंगरातल्या कोकणा आदिवासी बायकांचं. लंकाबाईनं ते रोज नेसायचं केव्हाच सोडलं होतं. नाशकात राहायला लागल्यापासून ती सगळ्यांसारखी पाचवारी साडी नेसायची. लुगडं पत्र्याच्या पेटीत पडून असायचं आणि फक्त बैठकीपुरतं बाहेर निघायचं.

ती मूळची हरसूलच्या वरच्या अंगाला असलेल्या करंजपाड्याची. भात कापून झाला की ती आणि नवरा देवराम दिंडोरीकडं द्राक्षाच्या कामाला उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत जायचे. एका वर्षी देवरामला नाशकात एका बांधकामावर राखणदारी मिळाली आणि ते परत गेलेच नाहीत. नव्वद सालानंतर वस्तीत साक्षरतेचे वर्ग सुरू झाले. लंकाबाई तिथं अक्षरं शिकली. शिकवणाऱ्या बाईंचं पुस्तकी मराठी डोंगरातून आलेल्या बायकांना कळत नसे, म्हणून ती मागं बसून कोकणा लोकांच्या कोकणी बोलीत सांगायची. कोणीतरी ते पाहिलं, कोणीतरी तिचं नाव सुचवलं, आणि तेव्हापासून ती छातीवर बिल्ला लावून बैठकांना जाऊ लागली. बिल्ल्यावर लिहिलेलं असे : आदिवासी महिला प्रतिनिधी.

पहिल्यांदा तिला त्याचं अप्रूप वाटलं होतं. पुढं पाण्याची बैठक झाली, आरोग्याची झाली, बचत गटांची झाली. सगळ्यांची तऱ्हा एकच. दिवसभर मोठी माणसं बोलणार, आणि जेवणाच्या आधी तिला पाच मिनिटं. काय बोललं की टाळ्या पडतात हे तिला आता पाठ झालं होतं. आमच्या बायांना शिकायचंय, आम्हाला बी पुढं यायचंय, एवढं बोलून ती खाली बसायची. करंजपाड्यात गेली तर लोक म्हणायचे, लंका आता नाशिकवाली झाली. आणि नाशकात तिच्याकडं अशा नजरेनं बघायचे, जणू सगळा डोंगरच तिच्या तोंडून बोलतोय. तिला तर कोणी निवडून दिलं नव्हतं. जीप यायची आणि ती जायची, एवढंच.

दोन हजार चार साली संस्थेनं हरसूलला एक खोली घेऊन दोन कॉम्प्युटर बसवले. फोनच्या तारेवरून इंटरनेट यायचं. कधी यायचं, कधी नाही. मराठी पान उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. बायकांना त्या खोलीत आणायचं काम लंकाबाईकडं आलं. बायका एकदा येऊन बघून गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. ते तिनं स्नेहल कुलकर्णीला सांगितलं. स्नेहल त्या प्रकल्पाची अधिकारी होती, कॉलेज रोडवर राहणारी, मन लावून काम करणारी पोरगी. ती म्हणाली, "लंकाबाई, आपण प्रयत्न सोडायचा नाही."

पुढं दोन वर्षांनी फेब्रुवारीत नाशकातल्या एका हॉटेलात दोन दिवसांची परिषद भरली. इंटरनेटचे नियम कोण ठरवतं, कुठल्या भाषेत ठरवतं, आणि ज्यांना कधीच कोणी विचारत नाही अशांना त्यात सामील करून कसं घ्यायचं, असा विषय होता. आफ्रिकेतल्या खेड्यांमध्ये हेच काम करणारी माणसं पाहुणी म्हणून आली होती. तिकडं वाटलेल्या एका पुस्तिकेचं मराठी भाषांतर सगळ्यांच्या हातात दिलं गेलं. लंकाबाईनं पहिलं पान वाचलं. अक्षरं लागली, पण अर्थ लागला नाही.

तिच्या शेजारी केनियाची मिलिसेंट अचिएंग बसली होती. पन्नाशीची, उंच, अंगावर लालपिवळं झगझगीत कापड आणि डोक्याला तसंच फडकं. सकाळभर ती मधूनमधून डोळे मिटून बसत होती.

जेवणाच्या आधी लंकाबाईला बोलावलं. ती नेहमीचं बोलली, टाळ्या पडल्या. मग मिलिसेंटचं नाव पुकारलं. आफ्रिकेतल्या खेड्यांच्या वतीनं पाच मिनिटं बोला, असं तिला सांगितलं. ती माईकपाशी गेली आणि इंग्रजीतून हळूहळू बोलली. स्नेहल वाकून लंकाबाईच्या कानाशी मराठीत सांगत होती.

"ती म्हणतेय, आफ्रिका फार मोठी आहे. माझ्या शेजारच्या गावाच्या वतीनं बोलायचं झालं तरी मला आधी तिथं जाऊन विचारायला हवं. तेवढे पैसे मला कोणी देत नाही. इथं यायचे मात्र देतात. म्हणतेय, मी दमले आहे. माझी पाच मिनिटं मी परत करते."

सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. संस्थेचे प्रमुख धनराजसर घड्याळाकडं बघून म्हणाले, "चला, जेवून घेऊ या."

जेवण झाल्यावर लंकाबाई हॉटेलच्या मागच्या बाजूला, भटारखान्याच्या दाराजवळच्या पायरीवर जाऊन बसली. हॉलमधल्या गारठ्यानं तिचे गुडघे धरले होते. थोड्या वेळानं मिलिसेंट तिथंच आली, आणि तिच्यामागून स्नेहल. तिघी उन्हात बसल्या.

मिलिसेंटनं लंकाबाईच्या लुगड्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"रोज हेच नेसता का, असं विचारतेय," स्नेहल म्हणाली.

"नाय," लंकाबाई म्हणाली. "मला नेसून यायला सांगत्यात."

स्नेहलचा चेहरा पडला. तसं सांगणारी तीच होती. तरी तिनं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ते ऐकून मिलिसेंट खो खो हसली. आपल्या अंगावरचं लालपिवळं कापड चिमटीत धरून ती म्हणाली, घरी मी स्वेटर आणि काळी पँट घालते, हे निमंत्रणपत्रिकेत घालून यायला सांगितलेलं आहे. लंकाबाईलाही हसू आलं. कितीतरी दिवसांत ती बैठकीच्या ठिकाणी अशी हसली नव्हती.

मग मिलिसेंट आपल्याकडचं सांगू लागली. तिचं गाव एका मोठ्या सरोवराच्या काठी होतं. राजधानीतून माणसं यायची, पुस्तिका इंग्रजीत असायची. पुष्कळ भांडल्यावर ती स्वाहिली भाषेत झाली. पण काठावरच्या म्हाताऱ्या बायका त्यांची लुओ बोली बोलतात, त्यांना स्वाहिली परकीच. शिवाय बैठक ठेवायचे नेमकी मासळीच्या होड्या लागायच्या वेळेला. कोणी यायचं नाही. मग अहवालात लिहायचे, लोकांना रस नाही.

"आमच्याकडं आवणीत ठेवत्यात," लंकाबाई म्हणाली. "भातरोपं लावायची सोडून कोण येईल?"

स्नेहल दोघींचं इकडून तिकडं सांगत होती. मागच्या वर्षीची आवणीतली बैठक तिनंच ठरवली होती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना हरसूलची खोली दाखवायची होती. हार, तुरे आणि शाळेतल्या मुलींचा नाच ठरला होता. रात्री घरी जाण्याआधी लंकाबाईनं स्नेहलला बाजूला घेतलं.

"ताई, नाच नको. उद्या बाजार हाय. नुसतं बाजारात नेऊन सोडा."

"धनराजसरांना काय सांगू?"

"सांगा, लंकाबाई दमली."

सकाळी बस हरसूलला पोचली तेव्हा लाइट गेलेली होती. अंधाऱ्या खोलीत दोन बंद कॉम्प्युटर आणि त्यांच्यावर घातलेले हार, एवढंच पाहुण्यांना बघायला मिळालं. धनराजसर जनरेटरसाठी फोन करत राहिले. लंकाबाई आज साध्या साडीत होती. ती मिलिसेंटचा हात धरून बाजारात शिरली, स्नेहल त्यांच्या मागं.

करंजपाड्याची धोंडाबाई नागली, म्हणजे नाचणी, विकायला बसली होती. नात्यानं ती लंकाबाईची चुलती. मिलिसेंट तिच्यासमोर थबकली, उकिडवी बसली आणि पोत्यातली मूठभर नागली हातात घेऊन निरखू लागली. मग तिनं दोन दाणे तोंडात टाकले.

"आमच्याकडं हीच पिकते," ती म्हणाली. "आई रोज सकाळी हिची पेज करायची."

स्नेहलनं मराठीत सांगितलं, लंकाबाईनं कोकणीत. धोंडाबाईचा काही विश्वास बसेना. "इतक्या लांब नागली? मंग पाऊस कवा पडतो त्यांच्याकडं?"

पावसावरून शेतीवर, शेतीवरून पोरांवर बोलणं गेलं. आजूबाजूच्या बायका आपापल्या पाट्या उचलून जवळ सरकल्या. कुणी मिलिसेंटच्या केसांना हात लावून बघितला, तर तिनं डोकं खाली वाकवून दिलं. एका बाईनं विचारलं, ही कशाला आली एवढ्या लांबून? लंकाबाईनं त्या बंद खोलीकडं हात केला.

"त्या पेटीसाठी. तिच्यातून जगभर बोलता येतं. तिचे कायदे कोण करतं आणि आपल्याला त्यात धरतं का, त्याचं बोलणं चाललंय."

धोंडाबाईनं विचारलं, "त्या पेटीला आपली बोली येते?"

"नाय."

"मंग आपुन बोललो तर तिला कळायचं कसं?"

लंकाबाईनं ते मराठीत सांगितलं आणि स्नेहलनं इंग्रजीत. मिलिसेंट मान हलवत म्हणाली, माझी आई हेच विचारायची. जिथं ठरवतात त्या ठिकाणी मी जाऊन आले. तिथंही मला पाच मिनिटंच मिळाली.

"मंग ते ठरवणारे इथं येत न्हाईत का?" धोंडाबाई म्हणाली. एवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि ती नागली मापायला लागली.

परतीच्या बसमध्ये लंकाबाई खिडकीला डोकं टेकून बसली होती. स्नेहल शेजारी येऊन बसली.

"लंकाबाई, पुढच्या महिन्यात मुंबईला परिषद आहे. तुमचं नाव दिलंय."

"माझं नाव काढा, ताई."

"तुम्ही नाही गेलात तर तिकडून कोणीच जाणार नाही."

"मी गेल्यावर तरी कोण जातं? एकटी मीच जाते." लंकाबाईच्या आवाजात राग नव्हता. "लई वर्सं झाली. आता तुम्ही या. वैशाखात या, तवा कामं नसत्यात. पाड्यावर या, आणि त्यांच्या बोलीत बोलू द्या. मी घर दाखवीन."

स्नेहलला ते लागलं. ती महिनाभर वस्तीकडं फिरकली नाही. लंकाबाईला वाटलं, सुटले एकदाची. तिनं एका शाळेत खिचडी शिजवायचं काम धरलं. देवराम म्हणाला, "बरं केलंस. त्या बैठकांनी तुझी हाडं मोडली." मनातून मात्र तिला चुटपुट लागून राहिली, की उद्या कोणी विचारायला आलं तर पाड्याचं नाव तरी कोण घेईल.

इकडं स्नेहलनं धनराजसरांच्या मागं लकडा लावला होता. सरांचं म्हणणं, पाड्यावरच्या बैठकीसाठी प्रकल्पात तरतूद नाही, आणि पाहुण्यांना दाखवायचं काय? ते काही दुष्ट नव्हते. त्यांनाही वर कुणाला तरी अहवाल द्यायचा असे. मधेच मिलिसेंटची एक ईमेल आली. तिनं तिकडच्या आपल्या बैठका होड्या लागून गेल्यावर, काठावरच आणि लुओतून घ्यायला सुरुवात केली होती. फार माणसं येत नाहीत, तिनं लिहिलं होतं, पण जी येतात ती बोलतात. ती ईमेल स्नेहलनं छापून सरांच्या टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, एकच बैठक, जीपच्या खर्चात बसेल तेवढी.

वर्षभरात तो प्रकल्प बंद पडला, हरसूलची खोली घरमालकानं किराणा दुकानाला दिली. पण त्याआधी, वैशाखात, करंजपाड्याची ती बैठक झाली.

जांभळाच्या सावलीत सतरंजी टाकली होती. धनराजसर मांडी घालून बसले, अधूनमधून पाय बदलत. स्नेहलनं पुस्तिकेतली चारच वाक्यं मराठीत वाचली. लंकाबाईनं ती कोकणीत सांगितली आणि ती बसली. मग धोंडाबाईनं तोंड उघडलं, तिच्यावर पाड्यावरचा बहिरू भोये चिडून काही बोलला, त्याला दुसऱ्या दोघी भिडल्या, आणि बघता बघता सगळ्यांचा गलका झाला. पेटीत बोली घालायची तर कुणाच्या तोंडची घालायची, वरच्या पाड्याची की खालच्या, इथपर्यंत भांडण गेलं.

धनराजसर लंकाबाईकडं वळले. "काय म्हणतायत?"

"बोलू द्या, सर. मागाहून सांगते."

त्यांनी मान डोलावली आणि काही न कळता ऐकत बसले. स्नेहल धोंडाबाईच्या तोंडाकडं बघत कोकणी शब्द कागदावर उतरवायची खटपट करत होती. चुकत होतं, शेजारची बाई तिला सुधारून देत होती.

लंकाबाईनं जांभळाच्या बुंध्याला पाठ टेकली. एवढ्या वर्षांत ती बैठकीत पाठ टेकून कधी बसली नव्हती. भांडणातले आवाज तिला एकेक ओळखू येत होते. हा बहिरू, ही धोंडाबाई, ही तिची सून. तिनं पाय लांब केले, पदर तोंडावर ओढला. थोड्या वेळानं स्नेहलनं एक शब्द विचारायला तिच्याकडं बघितलं, तेव्हा ती गाढ झोपली होती.